जपानी चेहऱ्याला आपला उकार

खिडकीपाशी
शनिवार, सकाळी १०:१२

पुण्यात राहून जपानी भाषांतराची कामं घेते, त्यामुळे तिकडच्या मेल वाचणं हा रोजचा धंदा. गेल्या महिन्यात एका जपानी बाईंची मेल आली. माल चार दिवस उशिरा येणार होता. दिलगिरीची साग्रसंगीत वाक्यं झाल्यावर त्यांनी शेवटी टाकलं होतं: (^_^;)

इकडच्या साहेबांना जपानी येत नाही, पण चेहरा तेवढा दिसला. साहेब उखडले. "माल वेळेवर नाही आणि वर हसतायत?" मग मी समजावलं, की तो अर्धविराम म्हणजे घाम आहे, कानशिलावरून ओघळणारा. बाई हसत नाहीयेत, ओशाळल्यात. जपानी चित्रकथांत कुणाची पंचाईत झाली की डोक्याशी घामाचा टपोरा थेंब काढतात, तोच हा. आपल्याकडे 'ओशाळवाणं हसू' असा शब्द आहे, त्यांनी त्याची खूण केली इतकंच.

तेव्हापासून या प्रकरणाच्या मागे लागलेय. काओ म्हणजे चेहरा, मोजी म्हणजे अक्षर, झालं काओमोजी. (जाता जाता: इमोजीचा 'इमोशन'शी काही संबंध नाही. 'ए' म्हणजे चित्र. ए-मोजी, चित्राक्षर. उच्चारातलं साम्य हा निव्वळ योगायोग.)

अमेरिकी आडव्या हसऱ्या चेहऱ्याची जन्मतारीख पक्की आहे. १९ सप्टेंबर १९८२, कार्नेगी मेलन विद्यापीठ, स्कॉट फालमन. तिथल्या संगणकावरच्या सूचनाफलकावर कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद केला आणि काहींना तो खरा इशारा वाटला. मग विनोदाला खूण काय लावावी यावर काथ्याकूट झाला आणि फालमननी :-) सुचवलं. हा मूळ संदेश नंतर हरवलाच होता, तो २००२ मध्ये जुन्या टेपांतून उकरून काढला.

जपानची गोष्ट वेगळीच सुरू होते. १९८५ मध्ये तिथे दूरसंचार खुलं झालं, सरकारी टेलिफोन खात्याची कंपनी झाली आणि घरच्या संगणकाला मोडेम लावून गप्पा मारायची सोय आली. आस्की नेट, पीसी-व्हॅन, पुढे निफ्टी-सर्व्ह अशा सेवा निघाल्या. त्यातल्या आस्की नेटवर २० जून १९८६ च्या मध्यरात्री, साडेबाराच्या सुमारास, यासुशी वाकाबायाशी यांनी (^_^) टाकलं. जपानी काओमोजींचं कूळ सहसा इथून मोजतात. फालमनच्या चेहऱ्याची ही नक्कल नव्हे हे बघताक्षणी कळतं. मान वाकडी करावी लागत नाही. आणि दोन्ही बाजूंना कंस आहेत, म्हणजे गाल आहेत. अमेरिकी चेहऱ्याला डोळे-नाक-तोंड आहे, पण डोकं कुठंय?

दुसरं म्हणजे, अमेरिकी चेहऱ्यात भाव बदलायचा तर तोंड बदलतात. :-) चं :-( झालं की हसू जाऊन रडू आलं. जपानीत तोंड बहुतेक वेळा एक सरळ रेघ, सगळा खेळ डोळ्यांचा. (^_^) हसरा, (;_;) रडका, (-_-) वैतागलेला, (>_<) कळ आल्यासारखा. होक्काइदो विद्यापीठातले मासाकी युकी आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये यावर शोधनिबंधच छापला. डोळे एका भावाचे आणि तोंड दुसऱ्याच भावाचं अशी सरमिसळ केलेले चेहरे जपानी आणि अमेरिकी लोकांना दाखवले. जपान्यांनी डोळ्यांवरून ठरवलं, अमेरिकनांनी तोंडावरून. मला हे लगेच पटलं. चारचौघांत भावना तोंडावर आणायच्या नाहीत हे तिथलं वळण. मग खरं काय ते डोळ्यांतच शोधायचं.

आता मुद्द्याचं. परवा क्लासमधल्या एका मुलीने मला हे पाठवलं, जपानी मैत्रिणीकडून तिला आलेलं:

( ु^_^)ु

गालांपाशी ते हात आहेत ना, ते नीट बघा. तो आपला ऱ्हस्व उकार आहे हो! 'सुख'मधला, 'पुणे'मधला. हा जपानी पोरीचा हात कधी झाला? कुणाला माहीत असेल तर सांगा, मला झोप नाही.


कटिंगचहा
शनिवार, सकाळी १०:४०

^ ला आपले मुद्रितशोधक हंसपद म्हणतात. जपान्यांनी त्याचं हसपद केलं.

(दिवे घ्या. पळतो.)


मोडीवाली
शनिवार, सकाळी ११:२५

खिडकीपाशी, धागा मस्त. पण १९८६ ही सुरुवात मानायला मी तयार नाही. संगणकावरची सुरुवात म्हणा हवं तर.

अक्षरांचा चेहरा करायची खोड जपान्यांना एदो काळापासूनची आहे. हेनोहेनोमोहेजी म्हणतात त्याला. हिरागाना या जपानी लिपीतली सात अक्षरं घ्यायची: हे-नो-हे-नो-मो-हे-जि. दोन 'हे' म्हणजे भुवया, कारण ते अक्षर उतरत्या छपरासारखं असतं. दोन 'नो' म्हणजे गरगरीत डोळे. 'मो' नाक. तिसरा 'हे' म्हणजे पडलेलं तोंड. आणि 'जि' एवढा मोठा काढायचा की तो गालावरून हनुवटीखाली वळून सगळ्याला कवेत घेतो. पोरं वहीत काढतात, शेतकरी बुजगावण्याच्या तोंडावर काढतात. अक्षर वाचता वाचता चित्र होतं, चित्र बघता बघता वाचता येतं.

आपल्याकडे नावाच्या अक्षरांतून गणपती काढतात, अक्षरगणेश, त्याच जातीचं हे. फरक एवढाच की आपण देव काढला आणि त्यांनी बुजगावणं.


बोरूबहाद्दर
शनिवार, दुपारी १:०५

मी ३४ वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखक होतो. तुमच्या या चेहऱ्यांचं नवल तरुणांना. आम्ही अहवालाच्या पहिल्या पानावर शून्य, रेघ, फुली, शून्य, रेघ, फुली अशी वेलबुट्टी काढायचो. साहेब बदलला की नवी वेलबुट्टी. मुंबईचे चंद्रकांत भिडे तर टंकयंत्रावर अख्खी व्यक्तिचित्रं उठवतात, गणपती उठवतात, आणि माणूस ओळखू येतो. यंत्राला जेवढ्या कळा तेवढ्यांतच भागवायचं असलं की डोकं चालतं.

एक शंका. कंस म्हणजे गाल हे कळलं. पण तो माणूस मध्यरात्री साडेबाराला का जागा होता?


कटिंगचहा
शनिवार, दुपारी १:१२

काका, फोनचं बिल. रात्री मोडेम लावणारा कुठल्याही देशातला असो, कारण तेच.


शून्य_एक
शनिवार, दुपारी ३:३०

धागाकर्तीशी एका मुद्द्यावर असहमत. "जपानी माणूस डोळ्यांत बघतो म्हणून काओमोजी असे झाले" हे ऐकायला छान आहे, पण उलट्या टोकाने धरलंय. आधी कपाटात काय होतं ते बघा.

फालमनच्या संगणकावर छापता येण्याजोग्या खुणा शंभरच्याही आत होत्या. रोमन अक्षरं, अंक, विरामचिन्हं, संपलं. जपानला कांजी, म्हणजे चीनकडून घेतलेली चित्राक्षरं, हवी होती, त्यामुळे त्यांना मोठा तक्ता करावा लागला. १९७८ च्या जपानी औद्योगिक मानकात ६,८०२ खुणा होत्या. त्यातल्या ६,३४९ कांजी. उरलेल्या ४५३ मध्ये सगळा मसाला: ग्रीक लिपी अख्खी, रशियन लिपी अख्खी, गणिताची चिन्हं, त्रिकोण, चौकोन, बाण, चांदण्या. १९८३ च्या आवृत्तीत तक्ते आखायच्या रेघा आल्या. म्हणजे टोकियोतला कुणीही सोम्यागोम्या साध्या मेलमध्ये ग्रीक ओमेगा लिहू शकत होता, तेही अमेरिकेत निम्म्या संगणकांना रोमन सोडून काही दाखवता येत नव्हतं तेव्हा.

मग काय झालं? ओमेगा म्हणजे मांजराचं तोंड. रशियन 'द' म्हणजे वासलेला जबडा. गणितातलं 'प्रत्येकासाठी' हे चिन्ह, उलटा ए, म्हणजे खदाखदा हसणारं तोंड: (´∀`). तुम्ही म्हणता जपानी तोंड कायम सरळ रेघ. ते ऐंशीच्या दशकापुरतं. पुढच्या चेहऱ्यांत तोंडांचीच चंगळ आहे.

आणखी एक. जपानीत 'ह'चा 'प' करायला अक्षराच्या खांद्यावर छोटं वर्तुळ देतात, हानदाकुतेन. कातकाना ही दुसरी जपानी लिपी, तिच्या १९६९ च्या जुन्या अर्धरुंद संचात जागा वाचवायला हे वर्तुळ स्वतंत्र अक्षर म्हणून ठेवलं. स्वतंत्र झालं की ते कुठेही बसतं. लोकांनी ते डोळा म्हणून बसवलं: (゜∀゜)

आता उकार. हा नंतरचा किस्सा आहे, युनिकोड (सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता) आणि स्मार्टफोन आल्यावरचा. फोनमध्ये जगातल्या सगळ्या लिप्या आल्या, आणि जपानी पोरापोरींनी त्या भाजीबाजारात फिरावं तशा चाळल्या. त्यांना उच्चाराशी देणंघेणं नाही, वळण हवं. थाई लिपीतला एकचा अंक गुंडाळीसारखा दिसतो, तो लाजेने लाल झालेला गाल. अरबी वाव म्हणजे वळलेली मूठ. जॉर्जियन लिपीतलं 'ल' म्हणजे चिडून पसरलेले पंजे. गुरुमुखीतला ७ म्हणजे हलणारा हात. त्याच फेरीत आपला ऱ्हस्व उकार सापडला. दीर्घसुद्धा वापरतात, गालावर टेकवलेले हात म्हणून.

गंमत अशी की हा उकार नियमाप्रमाणे एकटा उभा राहूच शकत नाही. त्याला व्यंजन लागतं. ते नसलं की नीट देवनागरी जाणणारा फोन तिथे ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतो, "इथे अक्षर राहिलंय" म्हणून. म्हणजे ज्याला देवनागरी येत नाही अशा फोनवर तो हात, आणि येते अशा फोनवर शुद्धलेखनाची चूक.


खिडकीपाशी
शनिवार, सायंकाळी ५:५०

शून्य_एक, उकाराबद्दल मनापासून धन्स! माझ्या फोनवर हात दिसतो आणि लॅपटॉपवर ठिपक्यांचं वर्तुळ, त्याचं कोडं सुटलं.

पण तक्त्याचा मुद्दा अर्धाच पटला. १९८६ ला वाकाबायाशींच्या हाताशी ओमेगाही होता आणि रशियन 'द'ही होता. तरी त्यांनी घेतलं काय? दोन कंस, दोन हंसपदं आणि एक रेघ. हे पाचही फालमनच्या कळफलकावर होते! कपाट मोठं म्हणून चेहरे वाढले, मान्य. पण पहिला चेहरा सरळ उभा का राहिला, त्याचे डोळे का हसले, हे कपाट सांगत नाही.

मोडीवालींचं हेनोहेनोमोहेजी मला त्याचं उत्तर वाटतं. ज्या मुलाने लहानपणी अक्षरांचा सरळ, समोर बघणारा चेहरा काढलाय तो मोठेपणी आडवा कशाला काढेल?


शून्य_एक
शनिवार, सायंकाळी ६:०५

हं. पाचही खुणा फालमनकडे होत्या हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एक गुण तुम्हाला.


सोलापुरी_चादर
शनिवार, रात्री ८:२०

आमच्याकडे सोलापुरात निम्म्या गल्लीला कानडी वाचता येतं, त्यामुळे ही माझी आवडती गोष्ट.

इंग्रजी मंचांवर २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक चेहरा गाजला. दोन मोठे डोळे, वर कपाळाला आठी, मधे रेघ. "हे काय चाललंय" अशा नजरेने बघणारा. अमेरिकन पोरं त्याला नापसंतीची नजर म्हणायची. ते डोळे म्हणजे कानडी 'ठ' आहे! वर्तुळ, त्यात टिंब, वर तलकट्टू, म्हणजे कानडी अक्षराच्या डोक्यावरची ती वाकडी रेघ. तीच भुवई. तलकट्टूमुळे अक्षर कायम भुवई उडवून बसलेलं असतं.

आमची आजी कानडी शाळेत शिकलेली. तिला हा चेहरा दाखवला. ती म्हणाली, "ठ ठ? कोण ठोंब्या आहे का?"

जपान्यांनी केला नाही हा, पण घडण त्यांचीच. सरळ उभा, डोळ्यांनी बोलणारा, तोंड म्हणजे रेघ. बिऱ्हाड अमेरिकेत, डोळे कर्नाटकाचे, चेहरेपट्टी जपानी.


कटिंगचहा
शनिवार, रात्री ८:३१

हहपुवा!! आजींना साष्टांग.

मराठी आवृत्ती: (ठ_ठ)


मोडीवाली
शनिवार, रात्री ८:४५

शिरोरेघेने भुवई सपाट झाली रे. कानडी ठ रागावतो, आपला ठ नुसता झोपेतून उठलाय.


नागोयाकर
रविवार, सकाळी ६:१०

नागोयात ११ वर्षं आहे, थोडी भर घालतो. इकडे आता सकाळचे साडेनऊ वाजून गेलेत, तेव्हा लवकर उठलो असं कुणी समजू नये.

पहिली गोष्ट, खिडकीपाशी, त्या मेलवाल्या बाई पन्नाशीच्या असणार. इथली विशीतली पोरं (^_^;) वापरत नाहीत. त्यांच्या लेखी ती काकालोकांची खूण. याला नावही आहे, ओजिसान-कोबुन, काकांची वाक्यरचना. वाक्यागणिक चेहरा, मधेच लाल उद्गारचिन्ह, "आज जेवलीस का (^_^)" छापाचं. ऑफिसातल्या एका ज्युनिअर मुलीला मी मेलमध्ये (^_^) टाकलं तेव्हा ती फार अदबीने हसली. नंतर कळलं का ते.

दुसरी गोष्ट, तुम्ही आस्की नेटवरून थेट स्मार्टफोनवर उडी मारलीत, मधला खरा धुमाकूळ राहिला. १९९९ च्या मे महिन्यात हिरोयुकी निशिमुरा यांनी अमेरिकेत आर्कान्सात शिकत असताना 'निचॅनेरु' सुरू केलं. नाव न लावता काहीही लिहा असा अवाढव्य मंच. चेहऱ्यांना धड फुटलं ते इथे. मोना नावाचं मांजर, (´∀`) तोंडाचं, कान आणि पाय असलेलं, दहा-दहा ओळींचं. ही चित्रं एका ठरावीक विंडोज फाँटवर, ठरावीक आकारात बेतलेली असायची. प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, म्हणून पूर्ण जागा, अर्धी जागा, टिंब असं भरत भरत एकेक बिंदू जुळवायचे. दुसऱ्या संगणकावर उघडलं की मांजराचा भुगा.

मांजर कुणा एकाचं नव्हतं. २००५ मध्ये एव्हेक्स या संगीत कंपनीने मोनासारखंच दिसणारं मांजर 'नोमानेको' म्हणून बाजारात आणलं तेव्हा निचॅनेरुवाले असे खवळले की कंपनीला ट्रेडमार्कचा अर्ज मागे घ्यावा लागला. ज्यांनी केलं त्यांचं नाव नाही, हक्क नाही, आणि तरी "आमचं आहे" यावर सगळ्यांचं एकमत.

माझा लाडका मात्र हा: _|￣|○

उजवीकडे डोकं, मधे हात आणि पाठ, डावीकडे दुमडलेले पाय. सगळं संपलं म्हणून गुडघ्यांवर आणि हातांवर कोसळलेला माणूस. याचीच आखूड आवृत्ती म्हणजे इंग्रजी ओ, आर, झेड अशी तीन अक्षरं लागून. ती तैवानला गेली आणि एवढी रुजली की २००६ च्या तिथल्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत, भाषेच्या पेपरात, ती प्रश्नात आली. तिकडे पोरांच्या असल्या लिखाणाला 'मंगळावरची भाषा' म्हणतात. पेपरावरून मोठा गदारोळ झाला. चिनी लिहिणाऱ्यांनी त्यातला ओ काढून तिथे एक जुनं, कुणी न वापरणारं चित्राक्षर बसवलं, कारण ते पडलेल्या भुवयांच्या चौकोनी चेहऱ्यासारखं दिसतं. त्याचा मूळ अर्थ काय, तर 'उजळ'.

उठतो, बायको हाक मारतेय. बाकी नंतर.


बोरूबहाद्दर
रविवार, सकाळी ९:१५

भाषेच्या पेपरात! आमच्या वेळी व्याकरणाच्या पेपरात अर्धविराम चुकला तर अर्धा गुण जायचा. इथे अर्धविराम म्हणजे घाम. कालाय तस्मै नमः.


वाऱ्यावरची_वही
रविवार, सकाळी १०:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).


सोलापुरी_चादर
रविवार, सकाळी १०:२०

नागोयाकर, कोरियाचंही सांगा की कुणीतरी. मला एवढंच ठाऊक की ते कंस टाकून नुसतंच ^^ लिहितात.


खिडकीपाशी
रविवार, सकाळी ११:१०

कोरियन मला जुजबी येतं, सांगते. त्यांच्याकडे 'यु' हा स्वर म्हणजे आडव्या रेघेखाली दोन उभ्या रेघा. तो दोनदा लिहिला की मिटलेल्या डोळ्यांतून वाहणाऱ्या धारा. आणि हसायला 'ख' हे व्यंजन स्वराशिवाय, तीनचारदा. ख्ख्ख्ख. आपलं 'खिक्क' तिकडे भेटलं म्हणून मला फार बरं वाटलेलं. थाई लोक तर नुसतं ५५५ लिहितात, कारण थाईत पाचला 'हा' म्हणतात. हाहाहा.

म्हणजे सगळेच आपापल्या घरातल्या भांड्यांवर स्वयंपाक करतायत.

नागोयाकर, बाई पन्नाशीच्याच आहेत. आणि मीही (^_^;) वापरते, त्याबद्दल काही बोलू नये.


नागोयाकर
रविवार, दुपारी १२:४०

मी काही बोललो नाही (^_^;)

आलोच आहे तर राहिलेलं. जपानीत हसण्याची मूळ खूण चेहरा नव्हेच. कंसात 'हसणे' हे चित्राक्षर. ते छापील मासिकांतल्या परिसंवादांच्या शब्दांकनात आधीपासून होतं, मग संगणकावर आलं. त्याचा उच्चार वाराइ, म्हणून पुढे नुसता पहिला इंग्रजी डब्ल्यू उरला. मग हसू जास्त तर डब्ल्यू जास्त. दहा डब्ल्यू ओळीने लिहिले की हिरवळ उगवल्यासारखी दिसते, म्हणून आताची पोरं सरळ 'कुसा' म्हणजे 'गवत' लिहितात. खूप हसू आलं तर 'मोठं कुरण'. माझ्या मुलाने माझ्या एका फोटोखाली गवत लिहिलं होतं. मला वाटलं, मागे लॉन आहे म्हणून.

आणि खिशातल्या यंत्रांवर अक्षरांच्याही आधी आकडे होते. नव्वदीत शाळकरी मुलींच्या हातात पेजर आले, त्यावर फक्त अंक जायचे. ०८४० म्हणजे ओहायो, सुप्रभात. ४६४९ म्हणजे योरोशिकु, सांभाळून घ्या. १४१०६ म्हणजे आइशितेरु, "माझं तुझ्यावर प्रेम आहे". डोकोमो या मोबाइल कंपनीने (हो, आपल्याकडे टाटांबरोबर आलेला तोच) १९९९ च्या फेब्रुवारीत आय-मोड ही फोनवरची इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा शिगेताका कुरिता यांच्याकडे चित्राक्षरांचं काम आलं. १२ बाय १२ बिंदूंच्या चौकोनात १७६ चित्रं. आज ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत, २०१६ पासून. लोकांना वाटतं इमोजी आल्यावर काओमोजी मेले. इथे तरी मेलेले नाहीत. पिवळा गोळा सगळ्यांचा सारखाच, त्यात स्वतःचं काही घालता येत नाही. चेहरा आपण जुळवतो.


मोडीवाली
रविवार, दुपारी २:३०

नागोयाकर, परिसंवादातल्या कंसातल्या हसण्यावर मी उडालेच. अहो, हे आपल्याकडे आहे! छापील भाषणांची जुनी पुस्तकं काढा. साहित्य संमेलनातली अध्यक्षीय भाषणं, विधिमंडळातली वृत्तांतं. (हशा). (टाळ्या). (प्रचंड हशा). वक्ता फार रंगात आला की (हशा आणि टाळ्या).

त्यांच्या कंसातल्या हसण्याचं गवत उगवलं. आपला (हशा) पुस्तकातच राहिला. मराठी संस्थळांवर आपण काय केलं? हहपुवा, भापो (भावना पोचल्या), ह.घ्या. (हलकं घ्या), प्रकाटाआ. चेहरा एकही नाही, सगळी आद्याक्षरं. का?


शून्य_एक
रविवार, दुपारी ३:१५

कारण परत तेच, थोडं माझ्या बाजूने वळतंय म्हणून सांगतो. जपानी लिपीत प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत सुटं. कुणीही कुणाच्या शेजारी बसावं, त्याचं रूप बदलत नाही. देवनागरीत वेलांटी, उकार, मात्रा, रफार, सगळे कुणाच्या तरी अंगाखांद्यावर. गोल-वाकड्या, चेहऱ्याला उपयोगी अशा खुणा नेमक्या याच, आणि त्यांनाच एकटं उभं राहता येत नाही. जे सुटं उभं राहतं त्याच्या डोक्यावर रेघ. त्यांचं हानदाकुतेन सुटं झालं, आपली मात्रा झाली नाही.

शिवाय आपण देवनागरीत लिहायला लागलो तेव्हा संस्थळांवर चित्रांच्या स्मायल्या आयत्या मिळत होत्या. गरजच पडली नाही.


मोडीवाली
रविवार, दुपारी ३:४०

आयत्या मिळत होत्या तरी 'हहपुवा' झालंच ना? मला वाटतं आपल्याला चेहऱ्यापेक्षा वाक्य आवडतं. हसून हसून पुरेवाट लागली हे आख्खं वाक्य आहे, त्याची अक्षरं तेवढी गाळली. आपण मुळात बोलघेवडे.


शून्य_एक
रविवार, दुपारी ३:४४

यावर माझ्याकडे तक्ता नाही.


कटिंगचहा
रविवार, दुपारी ४:१०

रविवार सत्कारणी लावला. शून्य_एकना खोटं पाडायचा प्रयत्न:

(०_०) थक्क
(ऽ_ऽ) अवग्रहाचे डोळे, म्हणजे काल जागरण झालेलं
(।_।) दंडाचे डोळे. काहीच वाटत नाही असा कारकून
\(^०^)/ मराठी शून्याचं तोंड, हे मूळ जपानीत इंग्रजी ओ घालतात
(१_१) एका दमात दोन अश्रू
(९_९) वर बघतोय. बायकोने विचारलंय, "पगार झाला का?"


सोलापुरी_चादर
रविवार, दुपारी ४:१८

(।_।) ओळखीचा आहे. आमच्या वॉर्डात बसतो.


बोरूबहाद्दर
रविवार, सायंकाळी ६:३०

कारकुनाचा निषेध नोंदवतो. पण चेहरा हुबेहूब आहे.

मला हे मोबाइलवर कसं करायचं ते कुणी सांगेल का? नातू बंगळुरूला आहे, त्याला पाठवायचाय. माझ्या कळफलकावर हंसपद सापडत नाही.


शून्य_एक
रविवार, सायंकाळी ६:४५

काका, आयफोन असेल तर सेटिंगमध्ये कळफलक वाढवा आणि जपानी काना निवडा. त्यावर ^_^ अशी एक कळच असते. ती दाबली की चेहऱ्यांची यादी उघडते, जपानी यायची गरज नाही. विंडोजवर १० किंवा त्यापुढचं असेल तर विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबा, चौकट उघडेल, तिथे इमोजींच्या शेजारी काओमोजींचा वेगळा खण आहे. जपानी टंकणारे 'काओ' लिहून रूपांतराची कळ दाबतात, चेहरे समोर.

अँड्रॉइड असेल तर हातानेच करा. हंसपद चिन्हांच्या दुसऱ्या पानावर असतं. कंस, हंसपद, खालची रेघ, हंसपद, अर्धविराम, कंस.


बोरूबहाद्दर
रविवार, सायंकाळी ७:२०

सापडलं. नातवाच्या वाढदिवसाचा फोन करायचा राहिला होता, म्हणून घामाचाच पाठवतो. बरोबर आहे का बघा:

(^_^;


खिडकीपाशी
रविवार, सायंकाळी ७:२२

काका, उजवा गाल राहिला.


बोरूबहाद्दर
रविवार, सायंकाळी ७:३१

)